बीडीडीच्या आठवणी रेकॉर्ड करताना

मुंबईच्या बीडीडी चाळींतल्या कुठल्याही माणसासमोर मोबाइल रेकॉर्डिंगला लावून धरा, पहिली पाच-दहा मिनिटं तेच ऐकायला मिळणार. दारं कधी बंद नसायची, एकाकडे पाहुणा आला तर चार घरांतून वाट्या यायच्या, सगळ्यांचे सण सगळ्यांचे, मयत झाली तर अख्खा मजला चूल पेटवायचा नाही, आणि आता तसं काही राहिलं नाही. यातलं खोटं काहीच नाही बरं का, ऑफिसात कुणी विचारलं तर मी पण हेच सांगते. पण पुनर्विकासासाठी चाळ रिकामी व्हायच्या आधी आम्ही जुन्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायला बसलो तेव्हा लवकरच कळलं की हे पाठ झालेलं आहे, टीव्हीवाल्यांना, कॉलेजच्या पोरांना, निवडणुकीला हात जोडत येणाऱ्यांना सांगून सांगून गुळगुळीत झालेलं, आणि खरी माणसं याच्या मागे कुठेतरी बसलेली आहेत.

माझं माहेर आणि सासर दोन्ही वरळी बीडीडीतलंच, मध्ये फक्त तीन चाळी. वडील सेंच्युरी मिलमध्ये, सासरे पण गिरणीतलेच पण दुसऱ्या खात्यात. म्हणजे मी बाहेरची नाही, आणि हाच पहिला प्रॉब्लेम झाला, कारण बाहेरच्याला लोक छान छान सांगतात आणि आतल्याला म्हणतात "तुला काय सांगायचं, तुला तर सगळं माहितीच आहे".

सुरुवात झाली ती मंडळाच्या मीटिंगमध्ये. खोल्या खाली करायच्या चर्चा चालू होत्या, कोण ट्रान्झिटला म्हणजे तात्पुरत्या घरात जाणार, कोण महिन्याचं भाडं घेऊन बाहेर राहणार, कुणाच्या म्हाताऱ्याला कितव्या मजल्यावर मिळणार, आणि त्यात एकाने स्मरणिका काढायचा विषय काढला. स्मरणिका म्हटलं की जाहिराती, शुभेच्छा आणि अध्यक्षांचा फोटो. तळमजल्यावरच्या रिटायर्ड शिक्षिका बाई म्हणाल्या, लिहून कोण देणार आहे, ज्यांच्याकडे सांगण्यासारखं आहे त्यांचे हात थरथरतात, रेकॉर्ड करा. मग बाई, मी आणि माझ्या दिराचा मुलगा, ज्याला एडिटिंग येतं, अशी तिघांची टीम झाली. बजेट शून्य. माइक त्याने कुठूनतरी मागून आणला.

आधी बाईंनी आम्हाला थोडा इतिहास वाचायला लावला, कारण तारखांच्या बाबतीत लोक वाट्टेल ते सांगतात. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या काळात झालं. बॅकबेच्या समुद्रात भराव टाकायची जी स्कीम गाजली, ज्यावर वकील के. एफ. नरिमन यांनी सरकारला धारेवर धरलं, ती याच खात्याची. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचा बेत होता, त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे १ रुपया कर लावला, आणि शेवटी झाल्या १६ हजारांच्या आसपास. एकूण २०७ चाळी, वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, चाळीत ८०, खोली १६० चौरस फूट. आणि गंमत म्हणजे बांधून झाल्यावर बऱ्याच खोल्या रिकाम्याच पडून होत्या, कामगारांना त्या नकोच होत्या. काँक्रीटच्या पेट्यांसारख्या खोल्या, आत हवा-उजेड कमी, भाडं जास्त, गिरणी लांब.

हे आमच्या एकाही म्हाताऱ्याच्या आठवणीत नाही, असायचं कारणही नाही, तेव्हा त्यांचा जन्म नव्हता. पण गोष्ट सांगताना सगळे म्हणणार, "इंग्रजांनी कामगारांचा विचार करून बांधली हो, म्हणून तर शंभर वर्षं उभी आहे". सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला होता, सत्याग्रही तिथे ठेवले होते, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे. आणि विचाराल त्या चाळीतला माणूस म्हणतो ती आमचीच चाळ. एका काकांनी तर भिंतीतला लोखंडी कडीचा तुकडा दाखवला, कैद्याला बांधायचा म्हणे, त्यांच्या बायकोने आतून सांगितलं तो पाळण्याचा आहे, माझ्या सासूने लावून घेतलेला. दोघंही रेकॉर्डिंगमध्ये आहेत.

तर प्रश्न. "चाळीतलं जीवन कसं होतं" हा प्रश्न बंद करायचा हे पहिल्याच आठवड्यात ठरलं, तो विचारला की ती कॅसेट सुरू होते. त्याऐवजी बाईंनी कागद-पेन्सिल हातात द्यायला सुरुवात केली. म्हणायच्या, तुमच्या खोलीचं चित्र काढा, मोरी कुठे, ओटा कुठे, पिंप कुठे, कपाट कुठे, आणि तुम्ही दहा-बारा वर्षांचे असताना रात्री कोण कुठे झोपायचं ते दाखवा. बस. यानंतर आम्हाला फार काही विचारावं लागायचं नाही. चित्र काढता येत नाही म्हणून लाजणारी माणसं सुद्धा दोन मिनिटांत खाली वाकून, "नाही नाही, इथे आजी, कारण तिला मोरीला उठावं लागायचं" असं करत करत तासभर बोलायची.

आणि त्या कागदावर जे उमटलं ते एकोप्याच्या गोष्टीत कधी येत नाही. १६० चौरस फुटांत अकरा माणसं, त्यातली चार घरातली नाहीतच, गावाकडची, एक पहिल्या पाळीला, दोन दुसऱ्या पाळीला, एक रातपाळीला, म्हणजे अंथरूण एकच आणि त्यात माणसं बदलणार. पुरुष पॅसेजमध्ये, उन्हाळ्यात गच्चीवर, मोठी पोरं जांबोरी मैदानावर. घरात बायका, लेकरं आणि आजारी माणसं. एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, तिने चित्रात स्वतःला कुठे दाखवायचं ते बराच वेळ ठरवलंच नाही. तिची खानावळ होती, गाववाले कामगार जेवायचे, पहाटे चारला स्टो पेटायचा आणि शेवटचं ताट दुसरी पाळी सुटल्यावर म्हणजे रात्री बारानंतर. मग म्हणाली, "मी आडवी कुठं व्हायची ते मलाच आठवत नाय गं पोरी". गिरणगावात घरोघरी खानावळी चालवणाऱ्या अशा बायकांसाठीच १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, या आजीला त्यातलं काही मिळालं नव्हतं पण तिच्या शेजारणीला मिळालं होतं आणि त्याचा राग तिला अजून होता, एवढा की शेजारीण जाऊन वीस वर्षं झाली तरी.

नवीन लग्न झालेल्यांचं काय, हा प्रश्न आम्ही विचारलाच नसता, म्हणजे मला तरी जीभ उचलली नसती. पण कागदावर तो आपोआप यायचा. पुरुष हसून विषय बदलायचे. बायका माइक बंद करायला लावायच्या आणि मग सांगायच्या. कुणाची शेजारीण नवरा रातपाळीला गेला की स्वतःच्या पोरांना घेऊन यांच्याकडे झोपायला यायची आणि आपली खोली यांना द्यायची. एकीने सांगितलं की सासू मुद्दाम आठवड्यातून एकदा नणंदेकडे भजनाला म्हणून जायची आणि ते भजन वगैरे काही नसायचं हे तिला सासू गेल्यानंतर कळलं. या गोष्टी आम्ही ठेवलेल्या नाहीत, बंद म्हणजे बंद, इथे पण त्या ओळखू येणार नाहीत अशाच लिहिल्यात. पण मला विचाराल तर शेजारधर्म म्हणजे जे काय ते हे होतं, वाट्या नंतर.

संडासाबद्दल पण बायकाच बोलल्या. मजल्यावर कॉमन, रात्री जायचं तर कुणाला तरी उठवायचं, डोहाळ्यात असताना काय व्हायचं, पाळी आली की काय करायचं. पुरुषांच्या गोष्टीत संडासाची लाइन म्हणजे विनोद, पेपर घेऊन उभे राहायचे आणि राजकारण बोलायचे. जागा तीच.

मधेच एक वेगळीच गोष्ट लक्षात आली, आणि ती पुतण्याला, म्हणजे दिराच्या मुलाला, पहिल्यांदा दिसली. बरेच लोक सांगत होते, "आम्ही गॅलरीत कठड्याला टेकून उभे राहायचो, खालून कोण येतंय ते दिसायचं, समोरच्या गॅलरीतल्यांशी गप्पा". तो म्हणाला, काकी, आपल्याकडे कठड्याची गॅलरी आहे कुठे? खरंच नाहीये. गिरगाव-लालबागच्या लाकडी चाळींना तशी गॅलरी असते. बीडीडीला मधून पॅसेज जातो, दोन्ही बाजूंना खोल्या, दिवसा पण लाइट लावावा लागतो. काहीजण पॅसेजलाच गॅलरी म्हणतात ते ठीक, पण पॅसेजला कुठला कठडा आणि कुठून खालचं दिसणार. लोक खोटं बोलत नव्हते. नाटकातली चाळ, सिरियलमधली चाळ, मावशीची गिरगावातली चाळ, सगळं डोक्यात मिसळून गेलंय आणि चाळ म्हटलं की ती गॅलरी येतेच. एका काकांना मी हळूच विचारलं, ते गप्प झाले, मग म्हणाले, "कठडा नव्हता गं, पण उभा राहायचो मी, हे नक्की". मग आठवून आठवून म्हणाले जिन्याच्या वळणावर, तिथून मैदान दिसतं. म्हणजे जागा चुकली होती, उभं राहणं नाही.

असंच बीडीडी आणि बीआयटीचं. बाहेरचे सोडा, आमच्यातलेच कितीतरी जण छातीठोक सांगतात की बाबासाहेब बीडीडीत राहायचे. ते परळला पोयबावडीच्या बीआयटी चाळीत राहत होते, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, तो ट्रस्ट प्लेगनंतर १८९८ साली झालेला, बीडीडीच्या कितीतरी आधी. पण वरळीत त्यांच्या नावाचं मैदान आहे, जयंती दणक्यात होते, मग आठवण आपोआप इकडे सरकते. बाईंनी हे कुणाला दुरुस्त केलं नाही. मी एकदा करायला गेले तर बाई म्हणाल्या, त्यांनी काय सांगितलं ते ठेव, खाली तारीख टाक.

आता जे जरा अवघड आहे ते. आम्ही स्वतःला "बीडीडीवाले" म्हणतो ते बाहेर गेल्यावर. आत असताना कुणी बीडीडीवाला नसतो, आत चाळ नंबर असतो. आणि चाळ नंबर म्हणजे नुसता नंबर नाही, त्यात कोकणातले मराठे कुठे, घाटावरचे कुठे, बौद्ध वस्तीच्या चाळी कुठल्या, तेलुगू पद्मशाली कुठे, पोलिसांच्या खोल्या कुठे हे सगळं येतं. रेकॉर्डिंगमध्ये जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं की आमची चाळ शांत, भांडणं व्हायची ती त्या पलीकडच्या चाळीत. मग आम्ही पलीकडच्या चाळीत गेलो तर तेही हेच म्हणाले, आमच्याकडे बोट दाखवून. माझ्या माहेरी माझ्या सासरच्या चाळीबद्दल काय बोलतात ते मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे, सासरी काय बोलतात ते लग्नानंतर कळलं.

१९७४ साली काय झालं हे विचारायचं की नाही यावर आमच्या तिघांतच वाद झाला. ५ जानेवारीला दलित पँथरची सभा मैदानात झाली, तिथे दंगल पेटली, ती पुढे कितीतरी दिवस धुमसत राहिली, १० तारखेला मोर्चात पँथरचे भागवत जाधव मारले गेले. पँथर होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. हे सगळं नोंदलेलं आहे, सरकारने चौकशी आयोग पण नेमला होता. पण आमच्याकडे ते कसं सांगतात? एका बाजूच्या चाळींमध्ये तारखेसकट, माणसांच्या नावांसकट, कुठल्या गच्चीवरून दगड आले त्या गच्चीसकट. दुसऱ्या बाजूच्या चाळींमध्ये, "हां, ते झालं होतं काहीतरी, बाहेरचे लोक होते, आपल्यातलं कुणी नव्हतं". लहानपणी मी पण बाहेरचे लोक हेच ऐकलेलं. आणि हे सांगणारी माणसं वाईट नाहीत, तीच माणसं पुढच्या वाक्यात सांगतात की बौद्धवाड्यातल्या अमुक बाईने माझ्या भावाचं बाळंतपण केलं, म्हणजे भावजयीचं. दोन्ही खरं. दहा-बारा पावलांवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन इमारतींत एकच आठवडा इतका वेगळा साठवलेला आहे की आम्ही शेवटी ती रेकॉर्डिंगं एका फाइलमध्ये जोडायचा प्रयत्न सोडून दिला, दोन फाइल ठेवल्या.

गिरणी संपाबद्दल मात्र सगळे बोलतात, १८ जानेवारी १९८२, कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. पुरुष सांगतात मोर्चे, सभा, कोण फुटलं, कोण नाही. आणि तिथेच थांबतात, कारण संप कधी मिटलाच नाही, त्यामुळे गोष्टीला शेवट नाही. बायकांची गोष्ट तिथून सुरू होते. साडीला फॉल-बीडिंग, पापड, घरकाम, मुलीची शाळा नववीत बंद आणि मुलाची चालू. माझी आत्या या मुलींमधलीच. तिला मी विचारलं की तुला राग येतो का, तर म्हणाली कशाचा, सगळ्यांच्याच घरात तसंच होतं. मग थोड्या वेळाने, चहा झाल्यावर, "भाऊ अजून म्हणतो आम्ही सगळे एकत्र सोसलं, एकत्र कुठे, तो तर शाळेत होता". हे वाक्य तिने ठेवायची परवानगी दिली, वडिलांना दाखवायचं नाही या अटीवर. वडील गेले आता.

स्वतःबद्दल काय वाटायचं हे कुणी थेट सांगत नाही. ते पत्त्यात दिसलं. "नोकरीच्या अर्जावर काय पत्ता लिहायचात" असं विचारलं की साठीच्या आतले हसतात. बीडीडी शब्द गाळायचा, नुसतं वरळी लिहायचं, मुंबई १८. वरळी म्हटलं की समोरच्याला सी-फेस वाटतो, वाटू दे. एकजण बँकेत लागला तेव्हा सहकाऱ्यांना कित्येक वर्षं घरी बोलावलं नाही, ट्रेनने दादरला उतरायचा आणि म्हणायचा मला इथे काम आहे. लग्नाच्या बोलण्यांत तर विचारूच नका, "सेल्फ कंटेन्ड आहे का", म्हणजे संडास घरात आहे का, हा प्रश्न मुलीकडचे पहिला विचारायचे. मी स्वतः कॉलेजात मैत्रिणींना गणपती बघायला म्हणून आणलं होतं, कारण गणपतीत सगळीकडे गर्दी असते, घर लहान आहे हे कळत नाही. आणि आत्ताची पोरं? त्यांचे टीशर्ट आहेत बीडीडी लिहिलेले, दहीहंडीला घालतात, इन्स्टावर पॅसेजचे व्हिडिओ टाकतात. पुतण्याला पत्ता लपवायचा प्रकार समजलाच नाही, तो विचारत राहिला, पण का? मग त्यालाच लक्षात आलं की २०१७ला पुनर्विकासाचं भूमिपूजन झाल्यापासून, म्हणजे तो शाळेत असल्यापासूनच, बीडीडी म्हणजे टॉवर मिळणार आहे असं सगळे बोलतायत. त्याच्यासाठी तो पत्ता कधी गरिबीचा नव्हताच.

याच टॉवरमुळे आठवणींचं एक भलतंच झालं. नवीन घराला कोण पात्र, कोण अपात्र याच्या याद्या, जुन्या भाडेपावत्या, रेशन कार्ड, खोली कुणाच्या नावावर, आजोबांच्या की काकांच्या, हे सगळं त्याच काळात चालू होतं. आणि आम्ही जाऊन विचारतोय की तुमच्या घरात कोण कोण राहायचं! १६० फुटांच्या खोलीचे आता ५०० फूट, मालकीचे, फुकट, वरळीत. ज्या भावाने वीस वर्षं तोंड दाखवलं नाही तो पण आता आठवणी सांगायला तयार, मी इथेच वाढलो, माझं नाव रेशन कार्डावर होतं. आणि जो राहतोय तो म्हणतो छे छे, तो गावालाच होता. एका घरात तर झोपण्याचं चित्र काढायला सुरुवात केली आणि सुनेने कागद काढून घेतला, "कोण कुठं झोपायचं ते लिहून देऊ नका काका, उद्या कोर्टात दाखवतील". ती चुकीचं काही बोलत नव्हती. तेव्हापासून आम्ही नियम केला, कागदपत्रांचं, नावावर कुणाच्या वगैरे काही विचारायचं नाही, कुणी आपणहून बोलला तरी तेवढं काढून टाकायचं. त्यामुळे आमच्या संग्रहात भावांची भांडणं जवळजवळ नाहीतच, आणि ऐकणाऱ्याला वाटेल किती प्रेमाने राहायचे सगळे. हा भाग आम्हीच घडवलाय.

मग चाळ रिकामी झाली. सामान हलवणं, पोटमाळ्यावरून काय काय निघालं, ते सगळ्यांचं सारखंच असतं, त्यात जात नाही. कुणी ट्रान्झिटला, कुणी २५ हजार भाडं घेऊन विरार-बदलापूरकडे. दीडेक वर्षाने बाईंच्या मनात आलं की त्याच माणसांना तेच प्रश्न परत विचारू. मला वाटलं कंटाळतील, पण नाही, घरी एकटे बसून होते, उलट वाट बघत होते.

दुसऱ्या खेपेला पहिली गोष्ट गायब झाली ती संडास. त्यानंतर गळती, त्यानंतर उंदीर. चाळीत असताना ज्या काकूंनी अर्धा तास छताच्या पडलेल्या प्लास्टरबद्दल सांगितलं होतं, नातवाच्या पाळण्यात पडलं होतं ते, त्याच काकू आता म्हणाल्या आमची इमारत काय मजबूत होती, अजून पन्नास वर्षं टिकली असती. मी त्यांना जुनं रेकॉर्डिंग ऐकवलं नाही. पण उलटंही झालं. ज्या आजीने, त्या खानावळवाल्या, पहिल्या वेळी शेजारणीचा राग राग केला होता ती आता म्हणाली तिच्यासारखी दुसरी झाली नाही, माझ्या पोराला टायफॉइड झाला तेव्हा तीच रात्र रात्र बसली. ही गोष्ट पहिल्या वेळी का नाही सांगितली, विचारलं, तर म्हणाली तेव्हा तिची सून समोरच्या खोलीत होती ना, ऐकलं असतं.

१४ ऑगस्ट २०२५ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, माटुंग्याला यशवंत नाट्यमंदिरात कार्यक्रम झाला. ४० मजली टॉवर, दोन बेडरूम. आमचं घर त्यातच. रडलेच सगळे, मी पण. तिसरी खेप आम्ही अशी ठरवून केली नाही, लोकच बोलायला लागले, लिफ्टमध्ये, खाली बाकड्यावर. आणि आता माणसं दोन प्रकारे बोलतायत. एक म्हणजे "आपण चाळवाले, दारं उघडी ठेवा, पोरांना खाली खेळू द्या", आणि दुसरे "आता आपण सोसायटीत राहतो, पॅसेजमध्ये चपलांचं रॅक नको, कपडे बाहेर वाळत घालू नका". ऐकायला दोन पार्ट्या वाटतील पण बरेचदा सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं बोलणारा माणूस तोच असतो. माझे मिस्टर त्यात आहेत.

एका मावशींचं रेकॉर्डिंग मला सगळ्यात आवडतं. नवीन घरात, नवीन सोफ्यावर. त्यांना विचारलं चाळीतलं काय आठवतं, काय चुकल्यासारखं वाटतं. म्हणाल्या, "काय पण चुकल्यासारखं वाटत नाय. मला माझी मोरी मिळाली, दार लावून अंघोळ करते, पंचावन्न वर्षं दार लावून अंघोळ केली नव्हती. तुम्हाला काय आठवायचं ते आठवा." मुलगा बाजूला होता, तो लगेच, असं नाही काकी, आईला म्हणायचंय की माणसं चांगली होती. मावशी म्हणाल्या, मी असं म्हटलं नाय. तो म्हणाला हे टाकू नका. मावशी म्हणाल्या टाका.

सोसायटीच्या कार्यक्रमासाठी दहा मिनिटांचा व्हिडिओ मागितला होता, तो दिला आम्ही. त्यात गणपती, दहीहंडी, भीमजयंती, कबड्डी, खानावळवाली आजी हसताना, आणि ती वाट्यांची गोष्ट आहे, कठड्याची गॅलरी पण आहे कारण सांगणाऱ्या काकांना ती हवीच होती. लोकांना फार आवडला, परत लावायला सांगितला. मावशींचं मी घालायचं म्हणत होते, कमिटीतले म्हणाले अशा दिवशी नको, त्यावर पुतण्याचं आणि अध्यक्षांचं वाजलं आणि शेवटी घातलं नाही. बाकीचं सगळं हार्ड डिस्कवर आहे, दोन कॉपी, एक बाईंकडे एक माझ्याकडे. काही जणांनी नंतर फोन करून आपलं काढून टाकायला सांगितलं, ते काढलं. पोलिसांच्या खोल्यांमधली माणसं आमच्याकडून राहिलीच आहेत, बदल्या होत राहायच्या त्यामुळे ते स्वतःला चाळकरी समजतात की नाही हे मला खरंच विचारायचंय, पण त्यांचे पत्ते शोधण्यातच वेळ जातोय. नायगावच्या एका मंडळाने आमचे प्रश्न मागितले होते. त्यांना सांगितलं प्रश्न असे नाहीतच, कोरे कागद न्या, पेन्सिली न्या, आणि बायकांकडे जाताना बाई माणूस बरोबर न्या.